पैनगंगेचा नाका, आजीचं मीठ अन् यंदाचा कापूस

परवा मोंढ्यात एका आडतीच्या ओट्यावर चहा पीत बसलो होतो. विषय अर्थातच कापसाचा. एका पोरानं मोबाईलवरची बातमी वाचून दाखवली. अमेरिकेनं आपल्या मालावर ५० टक्के टॅरिफ लावला, मग आपल्या सरकारनं बाहेरून येणाऱ्या कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क काढून टाकलं. आधी ३० सप्टेंबरपर्यंत, मग थेट ३१ डिसेंबरपर्यंत. म्हणजे आपला कापूस घरात येतो नेमका तेव्हाच दार उघडं.

बाजूला निवघ्याकडचे एक काका बसले होते. साठी ओलांडलेले, पायात चिखलाच्या चपला, यंदाच्या पावसानं अर्धं वावर खाल्लेलं. ते म्हणाले, "पत्रकार, मला एक सांगा. कर लावला त्यानं. लावला कपड्यावर. मंग मपल्या कापसाचा भाव कामून पडला?"

मी सवयीनं 'आंतरराष्ट्रीय बाजारपेठ' वगैरे बोलायला लागलो आणि मधेच थांबलो. काकांनी विचारलेला प्रश्न साधा नव्हता. कर एक जण लावतो, दुसऱ्याच्या नावावर लावतो, आणि भरतो तिसराच. हे कसं होतं? याचं उत्तर शोधायला मला अमेरिकेत जायची गरज पडली नाही. हदगावपासून उमरखेडच्या रस्त्यानं निघालं की पैनगंगेचा पूल लागतो, तिथपर्यंत गेलं तरी पुरे. पोस्ट मोठी आहे. वेळ असेल तर वाचा.

माझ्या आजीचं माहेर उमरखेड तालुक्यातलं, सासर इकडचं. मधे फक्त नदी. आज मोटारसायकलवर अर्धा तास. पण आजी लग्न होऊन आली तेव्हा ती नदी ओलांडणं म्हणजे राज्य ओलांडणं होतं. तिकडे वऱ्हाड, म्हणजे इंग्रजी मुलूख. इकडे निजामाची मोगलाई. तिकडे कलदार रुपया, इकडे हाली सिक्का. ७ हाली दिले की ६ कलदार मिळायचे. आणि मधे करोडगिरीचा नाका.

नव्या पोरांना करोडगिरी हा शब्द माहीत नसेल. करोडगिरी म्हणजे निजामाचं जकात खातं. शब्द लई जुना. अकबरानं महसूल गोळा करायला 'करोडी' नेमले होते, एकेकाकडे एक कोटी दामांची वसुली, त्यावरून हे नाव आलं म्हणतात. आमच्याकडच्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी मात्र 'करुडगिरी' म्हटलं की एकच चित्र असायचं. आडवा बांबू, खाटेवर बसलेला शिपाई आणि गाठोडं सोडून दाखवणारी बाई.

आजी माहेराहून परत येताना नवं लुगडं गाठोड्यात ठेवायची नाही. दोन लुगडी एकावर एक नेसायची. उन्हाळ्यात! सांगताना हसायची. "अंगावरच्यावर कसली करुडगिरी रं? त्याला काय लुगडं सोडून दाखवावं का?" आणि मीठ? मीठ मडक्यात तळाशी, वरून ज्वारी. माहेरचं मीठ सासरच्या मिठापेक्षा स्वस्त, हे ती मरेपर्यंत सांगायची. मला लहानपणी वाटायचं, माहेरचं सगळंच बायकांना गोड लागतं, त्यातला हा प्रकार. पुढं वाचायला लागलो तेव्हा कळलं की आजी भावनेचं नाही, हिशेबाचं बोलत होती.

हिशेब असा. निजामाचं राज्य ८२ हजार चौरस मैलांचं, पण समुद्राचा एक वीतभर काठ नाही. चारी बाजूंनी जमीन आणि त्या जमिनीभोवती इंग्रजी मुलूख. (शेवटच्या काळात निजामानं पोर्तुगीजांकडून गोवा घेता येईल का, याचीही चाचपणी करून पाहिली होती. बंदर पाहिजे होतं.) मीठ समुद्राचं, म्हणजे मिठाचा प्रत्येक खडा सरहद्द ओलांडूनच येणार. कापड, रॉकेल, लोखंड, औषधं, तेच. जाताना आपला कापूस, सरकी, भुईमूग, करडई. १८०२ साली कंपनी सरकार आणि निजाम यांच्यात व्यापाराचा तह झाला, त्यात मालावर ५ टक्के जकात ठरली. पहिला सालारजंग दिवाण होता, १८५३ ते १८८३, त्या काळात राज्याच्या आतल्या जागोजागच्या जकाती कमी होत गेल्या आणि वसुली सरहद्दीवर आली. ती वसुली येणाऱ्या मालावरही होती आणि जाणाऱ्या मालावरही. निजाम सरकारच्या तिजोरीत जमीन महसूल होताच, पण करोडगिरी हे तिचं मोठं भरवशाचं उत्पन्न होतं.

यातली गंमत पाहा. वऱ्हाडसुद्धा कागदावर निजामाचंच होतं. १८५३ साली इंग्रजांच्या फौजेच्या खर्चापोटी त्यानं ते गहाण टाकल्यासारखं दिलं. १९०२ साली लॉर्ड कर्झननं वर्षाला २५ लाख रुपयांवर ते कायमच्या भाडेपट्ट्यानं घेतलं. तरी १९३६ नंतर निजामाच्या थोरल्या मुलाचा किताब 'प्रिन्स ऑफ बेरार'! म्हणजे नदीच्या दोन्ही काठांवर नाव एकाच राजाचं. वर्षाचे २५ लाख त्याला मिळत होते, आणि नदी ओलांडणाऱ्या बाईच्या मिठावरची जकातही त्यालाच.

आता ती ५ टक्के जकात भरत कोण होतं? नाक्यावर पावती फाटायची व्यापाऱ्याच्या नावानं. रजिस्टरात त्याचंच नाव. पण समजा, कापसाचा भाव मुंबईत ठरतोय, १०० रुपये. मुंबईच्या दलालाला हदगावचा कापूस आणि उमरखेडचा कापूस सारखाच. तो दोघांनाही १००च देणार. मग हदगावचा व्यापारी काय करणार? नाक्यावरचे ५ आधीच वजा करून शेतकऱ्याला भाव सांगणार. नदीच्या पलीकडच्या शेतकऱ्याला ते ५ मिळणार, अलीकडच्याला नाही. माती तीच, पाऊस तोच, सरकी तीच. येताना त्याच गाडीत व्यापारी मीठ, कापड भरून आणणार. त्यावर ५ लागले, तर ते विकताना वर चढवणार. मीठ घेणाऱ्या बाईला 'मी दुसऱ्या राज्यातून घेते' असं म्हणता येत नाही. फार तर ती दोन लुगडी नेसू शकते.

म्हणजे जाताना कर शेतकऱ्याच्या भावातून कापला जातो आणि येताना त्याच शेतकऱ्याच्या बायकोच्या वाणसामानावर चढतो. व्यापारी दोन्ही वेळा पावती फाडतो आणि दोन्ही वेळा हात झटकतो. तो वाईट म्हणून नाही. त्याला पुढं ढकलायला जागा आहे म्हणून. ज्याला भाव सांगता येतो तो कर पुढं ढकलतो. ज्याला नुसता भाव विचारावा लागतो, त्याच्यापाशी कर येऊन थांबतो. आपला शेतकरी विकायला गेला तरी विचारतो, "काय भाव घेता?" आणि घ्यायला गेला तरी विचारतो, "काय भाव देता?"

हे काही निजामाचंच पाप नव्हे. इंग्रजांनी तर मिठाच्या करासाठी हिंदुस्थानच्या पोटातून कुंपण घातलं होतं. सिंधू नदीपासून बुऱ्हाणपूरच्या बाजूनं थेट ओडिशाकडे, दोन हजार मैलांहून लांब. कित्येक ठिकाणी बोरी, बाभळी, निवडुंगाचं जिवंत काटेरी कुंपण, आणि त्यावर पहारा करायला १२ हजारांच्या आसपास माणसं. हे खातं काही वर्षं सांभाळणारा अधिकारी म्हणजे ए. ओ. ह्यूम, ज्यानं पुढं काँग्रेस स्थापन करण्यात पुढाकार घेतला तोच. १८७९ मध्ये ते कुंपण सोडून दिलं. का? लोकांची दया आली म्हणून नाही. मिठाच्या उगमावरच ताबा मिळाला, मग रस्त्यात अडवायची गरज उरली नाही. कर तसाच राहिला. बुऱ्हाणपूर आपल्यापासून लांब नाही, पण हे कुंपण आपल्या शाळेच्या पुस्तकात मला कधी भेटलं नाही.

एक बाजू सांगायची राहिली. भिंतीचा फायदा कुणालाच झाला नाही, असं नाही. नांदेडला उस्मानशाही मिल चालली, कित्येक घरांचं घड्याळ तिच्या भोंग्यावर होतं. बाहेरच्या कापडावर जकात असली की आतल्या मिलला थोडी सावली मिळते. ती सावली खोटी नव्हती. पण त्या सावलीचे पैसे लुगडं विकत घेणारी देत होती, एवढंच.

आता १९४७. देश १५ ऑगस्टला स्वतंत्र झाला, आपण नाही. २९ नोव्हेंबर १९४७ ला भारत सरकार आणि निजाम यांच्यात 'जैसे थे' करार झाला. त्यानंतर लगेचच निजाम सरकारनं दोन फर्मानं काढली. सोनं-चांदी राज्याबाहेर भारतात न्यायला बंधनं, आणि भारतीय चलन राज्यात चालणार नाही. विचार करा, ज्या हदगावच्या माणसाची सोयरीक, बाजार, वैद्य सगळं नदीपलीकडे, त्याच्या हातातला कलदार रुपया एका रात्रीत बेकायदा. त्याच सुमारास निजामानं पाकिस्तानला २० कोटींचं कर्ज देऊ केलं होतं. त्याला पैशाची अडचण नव्हती.

इकडे स्टेट काँग्रेसचा लढा पेटला होता. स्वामी रामानंद तीर्थ तुरुंगात, रझाकारांचा धुमाकूळ, लोक घरदार सोडून पैनगंगा ओलांडून वऱ्हाडात जात होते. उमरखेडला स्वातंत्र्यसैनिकांचा कॅम्प होता. असे कॅम्प सगळ्या सरहद्दीवर होते. त्यांचं पहिलं लक्ष्य काय असायचं? करोडगिरीचा नाका. आमच्या मुक्तिसंग्रामाच्या इतिहासात नाके जाळल्याच्या हकिगती पानोपानी आहेत. पोलीस ठाण्याच्या बरोबरीनं नाका का? एक कारण लष्करी. नाका एकटा, सरहद्दीवर, माणसं कमी. पण दुसरंही असणार. कलेक्टर लोकांना दिसत नव्हता, निजाम तर नव्हताच नव्हता. नाका रोज दिसत होता. राज्य म्हणजे काय, हे ज्या ठिकाणी सामान्य माणसाच्या गाठोड्याला हात घालून सांगितलं जात होतं, ते ठिकाण जळताना पाहून त्याला काय वाटलं असेल, हे आजीच्या चेहऱ्यावर मी पाहिलंय.

मग १९४८ ची नाकेबंदी. यावर आपण कमी बोलतो, कारण ती आपल्या बाजूनं होती. भारतानं हैदराबादकडे जाणाऱ्या मालावर बंधनं आणली. शस्त्रं तर होतीच, पण पेट्रोल, यंत्रसामग्री यांचीही वाट अडली. पिण्याच्या पाण्यात टाकायचं क्लोरीनही येऊ दिलं जात नाही, औषधं अडवली जातात, अशी निजाम सरकारची ओरड होती. ऑगस्टमध्ये ते गाऱ्हाणं संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपर्यंत गेलं. दिल्लीचं म्हणणं होतं की निजाम आणि रझाकार ऐकत नाहीत, तर दुसरा मार्ग काय? मी दिल्लीला चूक म्हणत नाही. माझ्या घरानं रझाकार पाहिलेत. पण नाकेबंदीचा चटका कुणाला बसला, हा प्रश्न तरी विचारावा. सिडनी कॉटन नावाचा एक ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून विमानं भरभरून हैदराबाद राज्यात बंदुका उतरवत होता. बंदुका आकाशातून आल्या. मीठ आणि रॉकेल आकाशातून येत नव्हतं. ज्याच्यावर दबाव आणायचा होता, त्याच्या ताटात काही कमी झालं नाही. नाकेबंदी ज्यांना सोडवायला होती, त्यांच्याच चुलीवर ती आधी पोहोचली. आजी सांगायची, त्या वर्षी संध्याकाळचा दिवा लावायचा आणि जेवण झालं की लगेच फुंकायचा. अंधारात भांडी घासायची.

१३ सप्टेंबरला फौजा आल्या, १७ ला निजाम शरण आला. आपण झेंडावंदन करतो, भाषणं ऐकतो, घरी येतो.

पण १८ सप्टेंबरला सगळे नाके उठले, असं कुणाला वाटत असेल तर तसं झालं नाही. १९५० ची राज्यघटना आली. तिच्या ३०१ व्या कलमात भारतभर व्यापार मुक्त राहील असं लिहिलं. आणि पाचच कलमं पुढं, ३०६ मध्ये, हैदराबादसारख्या जुन्या संस्थानी राज्यांना केंद्राशी करार करून अशा जकाती आणखी काही वर्षं, जास्तीत जास्त १० वर्षं, चालू ठेवायची सवलत दिली. सरकारला उत्पन्न सोडवत नव्हतं. ते कलम १९५६ साली सातव्या घटनादुरुस्तीनं गेलं. राजा गेला तरी त्याची जकात मागं रेंगाळली. माझ्या मते आपल्या भागाच्या इतिहासातली ही सगळ्यात न शिकवली जाणारी गोष्ट आहे.

१ नोव्हेंबर १९५६. राज्यपुनर्रचना झाली. मराठवाडा आणि विदर्भ दोघंही मुंबई राज्यात आले. पैनगंगा आता नुसती नदी झाली. आजीचं माहेर आणि सासर पहिल्यांदा एका राज्यात आलं, तेव्हा तिला दोन-तीन लेकरं झाली होती.

त्याच दिवशी दुसरीकडे एक नवी रेघ पडली. किनवटचा भाग तोवर आदिलाबाद जिल्ह्यात होता, तो नांदेडला जोडला. आदिलाबाद गेलं आंध्रात. किनवटचा माणूस पिढ्यान् पिढ्या ज्या गावाला 'जिल्ह्याला चाललो' म्हणायचा, ते परराज्य झालं. भोकरच्या माणसाला भैंसा, धर्माबादच्या माणसाला बासर, निजामाबाद, हेच. सुरुवातीला कुणाला काही वाटलं नाही. बांध बदलला, वाट तीच होती.

वाट अडली १९७२ पासून. महाराष्ट्र सरकारनं कापूस एकाधिकार खरेदी योजना आणली. कायदा १९७१ चा. हेतू चांगला होता, हे मी आजही म्हणतो. व्यापारी लुटतो, म्हणून सरकारच सगळा कापूस घेणार, हमी भाव देणार, नफा झाला तर वर वाटा देणार. पण त्यासाठी अट काय? कापूस दुसऱ्या कुणाला विकायचा नाही आणि राज्याबाहेर न्यायचा नाही. आधी ज्वारीची जिल्हाबंदी आणि लेव्ही आपण भोगली होतीच. आता कापसाची राज्यबंदी. ज्या नाक्याला आपल्या बापजाद्यांनी आग लावली, तो नाका आपल्याच सरकारनं पन्नास-साठ मैल पूर्वेला नेऊन परत बसवला.

काही वर्षं योजनेचा भाव बरा असायचा, तेव्हा आंध्राचा कापूस गुपचूप इकडे यायचा आणि तोटा सरकारच्या खात्यावर पडायचा. पण ज्या वर्षी बाहेर भाव चढला, त्या वर्षी इकडचा शेतकरी पलीकडे पाहत बसायचा. इकडे केंद्रावर गाड्यांची रांग, ग्रेडवरून हुज्जत, भांडवल निधीची कपात, आणि चुकारे कधी येतील ते देवाला माहीत. पलीकडे रोख.

माझे मामा भोकरकडचे. मी आठवी-नववीत असेन. दिवाळीच्या सुट्टीत त्यांच्याकडे गेलो होतो. एका रात्री दोन वाजता ट्रॅक्टर निघाला. खाली कापूस, वरून कडबा. मला पुढं बसवलं, पोरगं सोबत असलं की कुणी संशय घेत नाही म्हणून. मधे एका ठिकाणी हात आडवा आला. मामा उतरले, खिशात हात घातला, परत येऊन बसले. कोण माणूस होता, कुठल्या खात्याचा, मला त्या अंधारात कळलं नाही. उजाडायच्या आत भैंशात कापूस रिकामा झाला, मामांनी पैसे मोजले, मला पुरी-भाजी चारली. परत येताना मामा म्हणाले, "शाळेत सांगू नको." मपल्या वावरातला, मपल्या हातानं वेचलेला कापूस विकणं ही चोरी कशी, हा प्रश्न मला तेव्हा पडला नव्हता. भजी मिळतील का, एवढाच पडला होता. पुढं आजीला सांगितलं तर ती म्हणाली, "मंग काय, तुझ्या मामानं बी दोन लुगडी नेसली म्हण की."

हिशेब परत तोच होता. पलीकडचा चढा भाव वजा अंधारातला तो हात, वजा ट्रॅक्टरचं भाडं. ज्याच्याकडे ट्रॅक्टर आणि खिशात सैल पैसे, तो तरी गेला. दोन एकरवाला जाऊच शकत नव्हता. बंदी सगळ्यांना सारखी, पण तिची किंमत सारखी नाही. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं ही बंदी उठवा म्हणून वर्षानुवर्षं रान उठवलं. शेवटी २००२ च्या सुमारास एकाधिकार मोडला. तोपर्यंत माझ्या मामांची कापूस लावायची उमेद गेली होती, ते सोयाबीनकडे वळले.

सोयाबीननं सुख दिलं का? २०२१ च्या उन्हाळ्यात, पावसाळ्याच्या तोंडाला भाव चढत चढत १० हजारांच्या घरात गेला. लातूरच्या बाजारावर सगळ्या देशाची नजर. ऑगस्टमध्ये केंद्रानं १२ लाख टन जीएम सोयापेंड आयात करायला परवानगी दिली. कोंबडी खाद्यवाल्यांची अडचण होती, ती खरीच होती. पण नवं सोयाबीन घरात येईपर्यंत भाव जवळपास अर्ध्यावर. त्याच्या उलटं पाहा. सप्टेंबर २०२४ मध्ये सरकारनं कच्च्या खाद्यतेलावरचं एकूण आयात शुल्क साडेपाच टक्क्यांवरून साडेसत्तावीस टक्क्यांवर नेलं. सांगितलं काय, सोयाबीन उत्पादकाला भाव मिळावा म्हणून. तेलाचा डबा लगेच महागला. सोयाबीनचा हमीभाव ४ हजार ८९२ होता, आणि मोंढ्यात शेतकऱ्याचं सोयाबीन त्याच्या खालीच गेलं. कारण सोयाबीनच्या दाण्यात तेल १८ टक्क्यांच्या आसपास, बाकी बहुतेक पेंड. पेंडीला जगात गिऱ्हाईक नाही, तर नुसत्या तेलावरच्या करानं भाव कसा चढणार? पण ज्या बाईनं सोयाबीन काढलं, तिनं दिवाळीला तेल मात्र चढ्या भावानं घेतलं. मे २०२५ अखेर कच्च्या तेलावरचं शुल्क परत साडेसोळावर आणलं. बातमी आम्हीच छापली, दोन्ही वेळा 'शेतकऱ्यांना दिलासा' किंवा 'ग्राहकांना दिलासा' अशा मथळ्यानं. आमच्या धंद्यात दिलासा हा शब्द फार स्वस्त झालाय. शेतकरी आणि ग्राहक हे एकाच घरात राहतात, एकाच ताटात जेवतात, हे मथळ्यात बसत नाही.

आता काकांच्या प्रश्नाकडे येतो. त्या दिवशी ओट्यावर मला धड सांगता आलं नाही, ते इथं सांगतो.

अमेरिकेनं २७ ऑगस्ट २०२५ पासून आपल्या बहुतेक मालावर ५० टक्के टॅरिफ केला. त्यातला निम्मा हिस्सा आपण रशियाचं तेल घेतो, त्याचा दंड म्हणून. काका, तो कर भारत सरकार भरत नाही. न्यूयॉर्कच्या बंदरात टी-शर्टाची पेटी उतरली की तिथला आयातदार तो भरतो. तो काय करतो? थोडा तिथल्या गिऱ्हाइकावर चढवतो. थोडा तिरुपूरच्या कारखानदाराच्या माथी मारतो, 'भाव कमी कर, नाही तर ऑर्डर बांगलादेशला.' तिरुपूरचा कारखानदार सूतगिरणीला म्हणतो, सूत स्वस्त दे. गिरणी सरकारला म्हणते, कापूस स्वस्त पाहिजे, नाही तर कामगार घरी बसतील. कामगारांचं ते खरंच आहे, त्यांचीही पोरंबाळं आहेत. मग सरकार ११ टक्के शुल्क उचलतं आणि बाहेरचा कापूस आत येतो. मग जिनिंगवाला तुम्हाला सांगतो, "माल चालत नाही काका." तुमच्यापुढं ढकलायला कुणी नाही. तुम्ही कुणाला सांगणार? सरकीला?

लांब धाग्याच्या कापसाचा २०२५-२६ च्या हंगामाचा हमीभाव ८ हजार ११० होता. तो मिळतो सीसीआयच्या केंद्रावर. त्याला आधी मोबाईलच्या ॲपवर नोंदणी, मग सातबाऱ्यावर पेऱ्याची नोंद, मग ओलावा ८ ते १२ टक्क्यांच्या आत. सप्टेंबरमध्ये आपल्याकडं जे पाणी आलं, त्यानंतर ज्या बोंडात कापूस शिल्लक राहिला त्याचा ओलावा किती असेल, हे मोजायला यंत्र लागत नाही. मग गावात वजनकाटा घेऊन येणारा खेडा खरेदीवाला उरतो, आणि त्याचा भाव हमीभावाच्या बराच खाली.

कुणी म्हणेल, मग शुल्क परत लावा, झालं. लावावं, हंगाम संपेपर्यंत तरी, असं माझंही मत आहे. पण नुसत्या शुल्कावर माझा भरवसा नाही. मार्च २०१२ मध्ये कापसाला बाहेर गिऱ्हाईक होतं, तेव्हा याच देशानं एका फर्मानानं निर्यात बंद केली होती. ओरड झाल्यावर आठवडाभरात उठवली, पण तेवढ्यात व्हायचं ते झालं. कांद्याचं तर विचारूच नका. भाव पडला की दार उघडं आणि भाव चढला की दार बंद, असा नाका असेल तर तो कुठल्या देशाचा आहे यानं वावरात काही फरक पडत नाही. माझं मागणं एवढंच आहे की शुल्क लावताना किंवा काढताना गिरणीला जशी आधी विचारणा होते, तशी पेरणीच्या आधी आम्हालाही सांगा. जूनमध्ये कापूस लावताना ऑगस्टमध्ये दार उघडणार आहे हे माहीत असतं, तर काकांनी अर्ध्या वावरात हळद घातली असती. चूक झाली असती तरी ती त्यांची चूक असती.

काल मुद्दाम मार्लेगावच्या पुलापर्यंत जाऊन आलो. नाक्याची काहीच खूण दिसत नाही. महामार्ग झालाय, ट्रकची रांग चालू असते. पलीकडे उसाची वाहनं, अलीकडे कापसाची टेम्पो. चहाच्या टपरीवर एका म्हाताऱ्या माणसाला विचारलं, तर त्यांनी हातानं नदीच्या खालच्या अंगाला दाखवलं. "तिथं उताराची वाट व्हती. गाड्या तिथून उतरायच्या." नाका नेमका कुठं होता, ते त्यांनाही सांगता आलं नाही. वडील सांगायचे, एवढंच म्हणाले.

हदगाव, हिमायतनगर, उमरखेड, पुसद, माहूर, किनवट या भागात कुणाच्या घरी जुन्या ट्रंकेत करोडगिरीची पावती, हाली सिक्के, नाहीतर एकाधिकार योजनेच्या काळातल्या कापसाच्या चिठ्ठ्या असतील, तर फोटो काढून मला पाठवा. नाव टाकायचं नसेल तर टाकणार नाही. आणि ज्यांच्या आजी अजून आहेत, त्यांनी त्यांना एकदा मिठाचा भाव विचारून बघा.

काकांचा काल फोन आला होता. कापूस त्यांनी खेडा खरेदीत देऊन टाकला. रब्बीची पेरणी आहे, थांबता येत नाही म्हणाले.